टायर केव्हा बदलावा?

२०२५ च्या ऑगस्ट महिन्यातील गोष्ट. गणपतीला आठ-दहा दिवस उरले होते. शाळा सुटल्यावर नववीतील एक विद्यार्थिनी प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सर, व्हर्निअर कॅलिपर्स एका रात्रीपुरते घरी नेऊ का?"

चौकशी केली तेव्हा कळले की घरात टायरांवरून वाद पेटला आहे. त्यांची सात आसनी मोठी गाडी. पुण्याहून मालवणजवळच्या गावी गणपतीला जायचे. जाऊन-येऊन आणि तिकडचे फिरणे धरून नऊशे कि.मी.चा प्रवास, त्यात घाट आणि भर पाऊस. वडिलांचे म्हणणे, "कायद्याने जी खूण घालून दिली आहे, तिथपर्यंत टायर अजून झिजलेले नाहीत. ह्या वर्षी चालतील." काकांचे म्हणणे, "फार तर पुढचा एक काढून त्या जागी स्टेपनी लावू. ती तर नवीकोरी आहे." आजोबा एस.टी.तून निवृत्त झालेले चालक. ते एवढेच म्हणाले, "टायर पावसाळ्याआधी बघायचा असतो, पावसात नव्हे." चार नव्या टायरांना चाळीस हजारांच्या घरात पैसे लागणार होते, त्यामुळे प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता.

तिघांच्याही म्हणण्यात काही ना काही तथ्य होते. मग खरे कोणाचे? हा प्रश्न मतांनी नव्हे, मोजमापाने सुटणारा आहे. त्यासाठी आपल्याला घर्षण, दाब आणि रबराचे रसायन ह्या तिन्हींची थोडी उजळणी करावी लागेल.

धाव आणि टायर

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची धाव बसवलेली असते. लोहार ती तापवून लाल करतो, प्रसरण पावलेली धाव चाकावर चढवतो आणि वर पाणी ओततो. धाव आकसून लाकडाला घट्ट आवळते. लाकडाची झीज थांबवणे हे तिचे काम. टायरचे काम मात्र त्याहून बरेच मोठे आहे. गाडीचे वजन पेलणे, धक्के शोषणे आणि मुख्य म्हणजे रस्ता धरून ठेवणे, ही सर्व कामे त्याला करावी लागतात.

कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक होते. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर याला गंधकाबरोबर तापवलेले रबर टिकाऊ आणि लवचीक होते असे आढळले. हेच व्हल्कनीकरण. हवा भरलेल्या टायरचे एकस्व रॉबर्ट टॉमसन याने १८४५ साली घेतले होते, पण ती कल्पना मागे पडली. १८८८ मध्ये बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तसाच टायर बनवला आणि तेथून हवेच्या टायरांचे युग सुरू झाले. आजच्या मोटारींचे टायर रेडियल जातीचे असतात. त्यांच्या अंगातील दोरे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आडवे गेलेले असतात आणि जमिनीला लागणाऱ्या भागाखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. त्या पट्ट्यांवर जो जाड रबरी थर असतो, त्यालाच आपण टायरची नक्षी म्हणतो. झिजते ती ही नक्षी. मोटारीच्या नव्या टायरच्या खाचा साधारणपणे ८ मि.मी. खोल असतात.

ही झीज किती मंद असते ते पाहा. त्या विद्यार्थिनीच्या गाडीच्या टायरवर २३५/६५ आर १७ असे लिहिले होते. म्हणजे टायरची रुंदी २३५ मि.मी., बगलेची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि चाकाचा व्यास १७ इंच. यावरून टायरचा व्यास सुमारे ७३७ मि.मी. आणि परीघ सुमारे २.३२ मीटर येतो. एक कि.मी. जाण्यासाठी टायर ४३२ वेळा फिरतो. चाळीस हजार कि.मी.मध्ये सुमारे १ कोटी ७३ लाख वेळा. एवढ्या फेऱ्यांत समजा ६.४ मि.मी. रबर झिजले, तर सरासरीने दर फेरीला ०.३७ नॅनोमीटर, म्हणजे दोन-तीन अणूंच्या जाडीइतकाच थर निघून जातो! म्हणूनच रोज गाडी पाहणाऱ्याला टायरची झीज दिसत नाही. ती मोजावीच लागते.

गुळगुळीत टायर कोरड्या रस्त्यावर

पृष्ठभाग गुळगुळीत झाला की घर्षण कमी होते, म्हणून झिजलेला टायर घसरतो, असे पुष्कळ जण सांगतात. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. शर्यतीच्या मोटारींना कोरड्या दिवशी जे टायर लावतात, त्यांवर नक्षी मुळीच नसते; ते तुळतुळीत असतात. तरीही त्यांची रस्त्यावरील पकड आपल्या गाडीच्या टायरपेक्षा कितीतरी अधिक असते. हे कसे?

रबराचे घर्षण दोन प्रकारांनी निर्माण होते. एक म्हणजे रबराचे रेणू रस्त्याच्या खड्यांना क्षणभर चिकटतात, हे आसंजन. दुसरे म्हणजे रबर खडीच्या बारीक उंचवट्यांभोवती दबते आणि पुन्हा मूळ आकारात येते. ह्या दबण्या-उठण्यात ऊर्जा उष्णतेच्या रूपाने खर्च होते. दोन्हींसाठी रबर रस्त्याला लागणे आवश्यक आहे. नक्षी नसेल तर अधिक रबर रस्त्याला लागते. म्हणून कोरड्या, स्वच्छ रस्त्यावर नक्षीवाचून अडत नाही.

मग नक्षी कशासाठी? पाण्यासाठी. खाचा म्हणजे टायरच्या अंगावरील गटारे होत.

पाण्यावर तरंगणारी गाडी

टायर जमिनीला किती भागावर टेकतो? माणसांसह गाडीचे वस्तुमान २००० किलोग्रॅम धरू. प्रत्येक चाकावर ५०० किलोग्रॅमचा भार येतो. टायरमधील हवेचा दाब ३३ पौंड, म्हणजे दर चौ. सें.मी.वर सुमारे २.३ किलोग्रॅम. भाराला दाबाने भागले की टेकलेल्या भागाचे क्षेत्रफळ सुमारे २१६ चौ. सें.मी. मिळते, समजा १८ सें.मी. रुंद आणि १२ सें.मी. लांब. म्हणजे वहीच्या साधारण अर्ध्या पानाएवढा भाग. अशा चार तुकड्यांवर सात माणसांचा जीव अवलंबून असतो.

आता रस्त्यावर ३ मि.मी. पाणी साचले आहे अशी कल्पना करा. टेकलेल्या भागाखाली येणारे पाणी २१६ × ०.३ = ६५ घन सें.मी. होते. गाडीचा वेग ताशी ८० कि.मी. (सेकंदाला २२.२ मीटर) असेल, तर १२ सें.मी. लांबी पार करण्यास टायरला एका सेकंदाचा सुमारे १८५ वा भाग लागतो. तेवढ्या क्षणात हे पाणी बाजूला झाले पाहिजे. हिशेब केला तर एकेका टायरला दर सेकंदास १२ लिटर, म्हणजे जवळजवळ बादलीभर पाणी हटवावे लागते!

टायरच्या टेकलेल्या भागापैकी ३० टक्के जागा खाचांची आहे असे धरू. मग खाचांत मावणारे पाणी असे येईल:

खाच ८ मि.मी. : ५२ घन सें.मी.
खाच ४ मि.मी. : २६ घन सें.मी.
खाच ३ मि.मी. : १९ घन सें.मी.
खाच २ मि.मी. : १३ घन सें.मी.
खाच १.६ मि.मी. : १० घन सें.मी.

नवा टायर ६५ पैकी ५२ घन सें.मी. पाण्याला आपल्या पोटातच जागा करून देतो. उरलेले थोडे बाजूंना फेकले जाते. पूर्ण झिजलेल्या टायरजवळ १० घन सें.मी.चीच सोय असते. बाकीचे पाणी जाणार कोठे? ते टायरच्या पुढच्या बाजूला पाचरीसारखे साठते आणि टायरखाली घुसू लागते. पाचर पूर्ण आत शिरली की टायर रस्त्यावरून उचलला जातो. ह्या घटनेला जलप्लवन म्हणता येईल. त्या क्षणी सुकाणूचक्र हलके लागते, ब्रेक दाबला तरी गाडी ऐकत नाही. कारण टायर आणि रस्ता ह्यांचा संबंधच तुटलेला असतो.

हे कोणत्या वेगाला घडेल? वेगाने येणाऱ्या पाण्याला अडवले की त्याचा दाब ½ρv² इतका होतो. हा दाब टायरमधील हवेच्या दाबाएवढा झाला की टायर उचलला जाईल असे मानू. ३३ पौंड दाब म्हणजे सुमारे २,२७,५०० पास्कल. पाण्याची घनता १००० किलोग्रॅम प्रति घनमीटर. यावरून

v² = २ × २,२७,५०० ÷ १००० = ४५५
v = सेकंदाला २१.३ मीटर = ताशी सुमारे ७७ कि.मी.

प्रत्यक्षात काही पाणी बाजूंना निसटते, त्यामुळे दाब एवढा चढत नाही. १९६३ साली नासा ह्या अमेरिकन संस्थेतील वॉल्टर हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेहर यांनी मुख्यतः विमानांच्या टायरांवरील प्रयोगांतून एक सूत्र मांडले: दाब पौंडांत घेऊन त्याच्या वर्गमूळाला ९ ने गुणले की जलप्लवनाचा वेग नॉट ह्या एककात मिळतो. ३३ पौंडांसाठी हा वेग सुमारे ५२ नॉट, म्हणजे ताशी ९६ कि.मी. येतो. आपले ढोबळ गणित आणि हा प्रयोगसिद्ध आकडा एकमेकांच्या जवळ आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे.

परंतु ९६ हा सुरक्षित वेग समजू नका. हे सूत्र टायर पूर्णपणे उचलला जाण्याचे आहे. त्याच्या पुष्कळ आधीपासून पाण्याची पाचर टेकलेल्या भागात शिरू लागते आणि पकड टप्प्याटप्प्याने कमी होत जाते. सूत्रातील आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. हवा कमी असेल तर हा वेगही कमी होतो. पावसाळ्यात टायरमधील हवा थोडी उतरवावी असे काही जण सांगतात. ते नेमके उलट आहे.

थांबण्याचे अंतर

घर्षणगुणांक μ असेल, तर ब्रेक लावल्यानंतर गाडी v²/२μg इतके अंतर जाऊन थांबते. ह्या सूत्रात वस्तुमान नाही, हे पाहून अनेकांना आश्चर्य वाटते. जड गाडीची गतिज ऊर्जा अधिक असते, पण त्याच प्रमाणात घर्षणबलही अधिक असते. म्हणजे मोठी गाडी म्हणून ती लवकर थांबेल किंवा अधिक सुरक्षित असेल, असे मुळीच नाही.

उदाहरणादाखल कोरड्या रस्त्यासाठी μ = ०.७, ओल्या रस्त्यावर चांगल्या टायरसाठी ०.५ आणि ओल्या रस्त्यावर झिजलेल्या टायरसाठी ०.३ घेऊ. ताशी ८० कि.मी. वेगाने जाणारी गाडी अनुक्रमे ३६, ५० आणि ८४ मीटर अंतरावर थांबेल.

आता दोन गाड्या ओल्या रस्त्यावर शेजारी-शेजारी धावत आहेत आणि दोघींनी एकाच क्षणी ब्रेक लावला असे समजा. चांगल्या टायरांची गाडी जेथे थांबली, तेथे झिजलेल्या टायरांच्या गाडीचा वेग किती असेल? उरलेला वेग = v√(१ − ०.३/०.५) ह्या सूत्राने तो ताशी सुमारे ५१ कि.मी. येतो! पहिली गाडी रस्ता ओलांडणाऱ्या गाईपुढे थांबलेली असते. दुसरी त्याच ठिकाणी ताशी ५१ कि.मी. वेगाने येऊन आदळते. "थोडे अंतर जास्त लागेल" असे आपण सहज म्हणतो, त्याचा खरा अर्थ हा आहे.

१.६ की ३?

आपल्या देशातील केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरच्या खाचांची खोली १.६ मि.मी.पेक्षा कमी होता कामा नये. युरोप आणि अमेरिकेतही हीच मर्यादा प्रचलित आहे. ती सहज कळावी म्हणून खाचांच्या तळाशी ठिकठिकाणी १.६ मि.मी. उंचीच्या आडव्या रबरी पट्ट्या ठेवलेल्या असतात. त्या कोठे आहेत हे दाखवण्यासाठी टायरच्या बगलेच्या वरच्या काठावर लहान त्रिकोण किंवा टी. डब्ल्यू. आय. ही अक्षरे असतात. नक्षी झिजून पट्टीला समपातळी झाली की टायर संपला.

पण कायद्याची मर्यादा म्हणजे "ह्यापुढे मुळीच नाही" अशी रेषा. "येथपर्यंत सारे ठीक" अशी हमी नव्हे. पस्तीस गुणांना उत्तीर्ण होता येते, म्हणून कोणी पस्तिसाचे ध्येय ठेवत नाही. वरच्या कोष्टकात ३ मि.मी. आणि १.६ मि.मी. ह्यांच्यात पाणी साठवण्याच्या क्षमतेत जवळजवळ दुपटीचा फरक आहे. म्हणूनच ३ मि.मी. खोलीलाच टायर बदलावा असा सल्ला अनेक जाणकार देतात. ज्या प्रदेशात चार महिने पाऊस पडतो, तेथे हा सल्ला विशेष लागू आहे.

वय: न दिसणारी झीज

आता काकांच्या नव्याकोऱ्या स्टेपनीकडे वळू. रबराच्या लांब रेणूंमध्ये दुहेरी बंध असतात. हवेतील ऑक्सिजन आणि ओझोन ह्या बंधांवर हल्ला करतात. काही साखळ्या तुटतात, काही एकमेकींना नव्याने जोडल्या जातात. रबर कडक होते आणि त्याला बारीक भेगा पडतात. जुना रबर बँड ताणताच तुकडे होतो, तो ह्याच कारणाने. उष्णतेने ही क्रिया जलद होते. गाडी नुसती उन्हात उभी असली तरी टायर म्हातारा होतच असतो.

हे टाळण्यासाठी रबरात काजळीबरोबरच ओझोनरोधक रसायनेही मिसळतात. येथे एक धडाही घेण्यासारखा आहे. सिक्स-पीपीडी नावाच्या अशाच एका रसायनाची ओझोनशी क्रिया होऊन बनणारा पदार्थ टायरच्या धुळीतून ओढ्यांत जातो आणि अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील कोहो सामन मासे त्याने मरतात, असे २०२० साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. एका मोठ्या टायरमधून आयुष्यभरात दोन किलोग्रॅमच्या आसपास रबर झिजून जाते. ते नाहीसे होत नाही. रस्त्याकडेची माती आणि पाणी ह्यांत जाऊन मिसळते.

टायरचे वय त्याच्या बगलेवरच लिहिलेले असते. एका लंबगोलात किंवा चौकटीत चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. १११९ म्हणजे २०१९ सालचा अकरावा आठवडा. सहा वर्षांनंतर, नक्षी शिल्लक असली तरी, टायर बदलावा असे अनेक मोटार-उत्पादक सांगतात. टायर बनवणाऱ्या काही कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि कोणत्याही परिस्थितीत दहा वर्षांनी निवृत्ती, असा नियम सांगतात.

जुन्या टायरला खरी भीती वेगाची. ताशी १२० कि.मी. वेगाने फिरणाऱ्या ह्या टायरच्या पृष्ठभागावरील रबराला v²/r ह्या सूत्रानुसार गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ३०० पट त्वरण लागते. म्हणजे १० ग्रॅमचा रबरी तुकडा ३ किलोग्रॅम वजनाइतक्या बलाने धरून ठेवावा लागतो. रबर आणि पोलादी पट्टे ह्यांची जोड वयाने, उष्णतेने कमकुवत झाली असेल, तर ती अशा वेळी सुटते. हवा कमी असेल तर बगल अधिक वाकते, टायर अधिक तापतो आणि धोका वाढतो. समृद्धी महामार्गासारख्या लांब, सरळ रस्त्यांवर तासन्‌तास वेगाने जाणाऱ्यांनी तर हे विशेष ध्यानात ठेवावे.

चालून तापलेल्या टायरचा दाब ३३ वरून ३८-३९ पौंडांवर चढलेला दिसतो. बंद जागेतील वायूचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून हे घडणारच. तेव्हा हवा काढू नये. दाब नेहमी टायर थंड असताना मोजावा.

मोजणी

व्हर्निअरच्या शेपटीकडून जी बारीक पट्टी बाहेर येते, तिने खोली मोजता येते. तिचे लघुतम माप ०.१ मि.मी. आपल्या कामाला पुरेसे आहे. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद करून आणि हँडब्रेक ओढून घरातील वडीलधाऱ्या माणसासमक्ष मोजणी करावी. आडव्या रबरी पट्टीवर नव्हे, तर खाचेच्या खऱ्या तळाशी टोक टेकवावे. प्रत्येक टायरच्या बाहेरच्या, मधल्या आणि आतल्या खाचेत, टायर थोडा फिरवून तीन-तीन ठिकाणी मोजून सरासरी घ्यावी.

दुसऱ्या दिवशी विद्यार्थिनीने आणलेले आकडे असे होते. गाडी ४६,००० कि.मी. चाललेली होती. (सर्व मापे मि.मी.मध्ये)

पुढील डावे : बाहेर ३.४, मध्ये ३.६, आत २.०
पुढील उजवे : बाहेर ३.३, मध्ये ३.५, आत २.२
मागील डावे : बाहेर ४.४, मध्ये ४.५, आत ४.३
मागील उजवे : बाहेर ४.४, मध्ये ४.४, आत ४.३
स्टेपनी : सर्वत्र ८.०
पाचही टायरांवरील अंक : १११९

हे आकडे बोलके आहेत. पुढचे टायर आतल्या बाजूने अधिक झिजले आहेत. दोन्ही कडा सारख्या झिजल्या असत्या तर हवा कमी ठेवल्याचे ते लक्षण ठरले असते. मधला भाग झिजला असता तर हवा जास्त ठेवल्याचे. एकच कड झिजणे म्हणजे चाकांचा कोन बिघडल्याची खूण. नवे टायर घालून कोन दुरुस्त केला नाही, तर नव्यांचीही तीच गत होणार. आणखी एक गोष्ट म्हणजे उभ्या गाडीकडे पाहणाऱ्याला बाहेरची कड दिसते, आतली दिसत नाही. वडिलांनी पाहिलेली खोली ३.४ होती, २.० नव्हे.

पुढील डाव्या टायरची आतली कड ४६,००० कि.मी.मध्ये ६ मि.मी. झिजली, म्हणजे दर हजार कि.मी.ला ०.१३ मि.मी. कायद्याची मर्यादा गाठायला अजून सुमारे ३,००० कि.मी. होते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने वडिलांचे म्हणणे बरोबर! नऊशे कि.मी.चा प्रवास त्या मर्यादेत सहज झाला असता. पण प्रश्न किती कि.मी. चालेल हा नव्हता. घाट उतरताना रस्त्यावर वाहणारे पाणी टायर हटवील का, हा होता. त्याचे उत्तर २ मि.मी.च्या खाचेने आधीच दिलेले आहे.

काकांचा उपायही टिकला नाही. स्टेपनीची नक्षी आठ मि.मी. असली तरी तिचे वय इतर टायरांइतकेच, सहा वर्षांहून थोडे अधिक होते. शिवाय तिचा परीघ झिजलेल्या टायरपेक्षा मोठा. पूर्ण झिजलेला टायर दर कि.मी.ला नव्यापेक्षा सुमारे ८ फेऱ्या जास्त घेतो. एकाच आसावर एकीकडे नवा आणि दुसरीकडे झिजलेला टायर असेल, तर दोन्हींची ओल्या रस्त्यावरील पकडही वेगळी. ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढली जाते. चारही चाकांना शक्ती पुरवणाऱ्या गाड्यांत तर चारही टायरांचा परीघ सारखा राखणे आवश्यक असते, नाहीतर दंतचक्रांवर ताण येतो.

घरातील निकाल

त्या रात्री आकड्यांचा कागद जेवणाच्या वेळी सर्वांपुढे ठेवला गेला. मागील टायर ४.४ मि.मी.चे होते, झिजेच्या दृष्टीने त्यांत अजून १७-१८ हजार कि.मी. तरी, ३ मि.मी.पर्यंत, शिल्लक होते. त्यांना भेगा किंवा फुगवटे आहेत का, हे टायरच्या दुकानात चाके काढून तपासून घेतले. नव्हते. म्हणून दोनच नवे टायर घेण्याचे ठरले. उरलेले दोन वयामुळे पुढच्या पावसाळ्याआधी बदलायचे, हेही त्याच वेळी ठरले. खर्च दोन वेळांत विभागला गेला.

नवे दोन टायर कोठे लावावेत? काकांना वाटले, पुढे. कारण गाडी पुढच्या चाकांवर चालते आणि वळते. पण नवे टायर मागे लावावेत हेच योग्य. ओल्या वळणावर पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाऊ पाहते. चालक वेग कमी करून तिला आवरू शकतो. मागची चाके घसरली तर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि गाडी गरकन फिरते. ती आवरणे सामान्य चालकाच्या हातात राहत नाही. म्हणून जुने मागचे पुढे आले, नवे मागे गेले, चाकांचे कोन दुरुस्त झाले आणि स्टेपनी स्टेपनीच राहिली: पंक्चर झाल्यास सावकाश जवळच्या गावापर्यंत पोहोचण्यापुरती.

मंडळी सुखरूप जाऊन आली. टायर बदलले नसते तर अपघात झालाच असता, असे मात्र कोणी म्हणू नये. विज्ञान तसे सांगत नाही. ते एवढेच सांगते की चूक सावरायला लागणारे पन्नास मीटर की चौऱ्याऐंशी मीटर, ह्यांतील निवड आपण घरून निघण्यापूर्वीच केलेली असते.

आता त्या गाडीच्या कप्प्यात एक वही आहे. दर पाच हजार कि.मी.ला आकडे लिहायचे आणि आलेख पुढे वाढवायचा. ३ मि.मी.ची आडवी रेषा त्यावर लाल शाईने काढलेली आहे. आजोबांनी स्वतः हातात पट्टी घेऊन ती काढली, असे तिने सांगितले.

करून पाहा

एकाच आकाराच्या दोन रबरी चपला घ्या. एक नवी, एक तळवा झिजलेली. प्रत्येकीवर एक किलोग्रॅमचे वजन ठेवून फरशीवरून ताणकाट्याने ओढा. सरकू लागताना काट्यावर किती बल दिसते ते टिपा. त्याला चप्पल आणि वजन ह्यांच्या एकूण भाराने भागले की स्थितिक घर्षणगुणांक मिळेल. हाच प्रयोग कोरड्या, ओल्या आणि साबणाचे पाणी टाकलेल्या फरशीवर करा. साध्या पाण्यात फरक फार पडला नाही तर निराश होऊ नका. चप्पल सावकाश ओढली की पाण्याला निसटायला वेळ मिळतो. वेगाचे महत्त्व ह्यातूनच कळते.

विचार करा

१. टायरमधील दाब ३३ वरून २५ पौंडांवर उतरला, तर हॉर्न यांच्या सूत्राने जलप्लवनाचा वेग ताशी किती कि.मी. येईल?

२. टायर ६.४ मि.मी. झिजल्यावर गाडीचा वेगदर्शक काटा खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवील की कमी? सुमारे किती टक्के?

३. ८ मि.मी. नक्षीचा एक टायर २४,००० कि.मी. नंतर ५ मि.मी. उरला. झीज सारख्याच दराने होत राहिली, तर ३ मि.मी. आणि १.६ मि.मी. खोली केव्हा येईल? महिन्याला १,००० कि.मी. प्रवास होत असेल आणि आज जानेवारी महिना असेल, तर पुढच्या पावसाळ्यापूर्वी की त्यापुढच्या पावसाळ्यापूर्वी हा टायर बदलावा लागेल?

४. वेग ताशी ८० ऐवजी ६० कि.मी. ठेवला, तर ओल्या रस्त्यावर झिजलेल्या टायरांची गाडी किती मीटरवर थांबेल? चांगल्या टायरांच्या, ताशी ८० कि.मी. वेगाच्या गाडीशी ह्या अंतराची तुलना करा. टायर बदलेपर्यंत चालकाच्या हातात काय उरते, ते तुमच्या लक्षात येईल.